जरी, तरी आणि ‘ऑल्दो’: वाचकांचे प्रश्न

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच शब्दाभोवती फिरतात: ‘ऑल्दो’, म्हणजे इंग्रजीतला ‘जरी’. बेळगाव जिल्ह्यात खानापूर असो की अथणी, मराठी शाळेतली मुलं या शब्दापाशी एकाच पद्धतीनं अडखळतात, म्हणून ती पत्रं इथं एकत्र घेतली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. घरातल्या कुणालाही ती मोठ्यानं वाचून दाखवता यावीत.

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. तिनं निबंधात लिहिलं, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल.’ सरांनी ‘बट’वर लाल रेघ मारली, कारण काही लिहिलं नाही. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच. मग इंग्रजीत दुसरा शब्द का चालत नाही? (एक पालक, खानापूर)

सरांची रेघ बरोबर आहे आणि मुलीची चूकही समजण्यासारखी आहे. तिनं मराठी वाक्य इमानानं इंग्रजीत उतरवलं, एवढंच.

मराठीत या जोडीचा भार कुणावर असतो ते आधी बघा. ‘जरी’ गाळून वाक्य म्हणा: ‘पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेला गेलो.’ काही बिघडलं नाही. आता ‘तरी’ गाळा: ‘जरी पाऊस पडत होता, आम्ही शाळेला गेलो.’ कानाला लगेच खटकतं. म्हणजे आपल्याकडं ‘जरी’ ऐच्छिक आहे आणि काम करतो तो ‘तरी’, दुसऱ्या अर्ध्याच्या उंबऱ्यावर उभा राहून. इंग्रजीत नेमकं उलटं. सगळा भार ‘ऑल्दो’वर, आणि दुसऱ्या अर्ध्याच्या तोंडाशी काहीच नाही. मराठी कानाला ती जागा रिकामी वाटते. मग मूल हाताशी असलेला ‘बट’ तिथं बसवून मोकळं होतं.

मुलीला कन्नड येत असेल तर तिला हे लवकर पटेल. ‘मळे बंदरू शालेगे होदेवु’ या वाक्यात ‘जरी’साठी वेगळा शब्दच नाही. ‘बंदरू’मधला शेवटचा ‘रू’ एकटा सगळं काम करतो. त्यानंतर कुणी ‘आदरे’ घालत नाही. तिथंही सांधा, म्हणजे वाक्यं जोडणारा दुवा, एकच, इंग्रजीतही एकच. फरक एवढाच की कन्नडमध्ये तो क्रियापदाच्या शेपटीला आहे आणि इंग्रजीत वाक्याच्या डोक्यावर.

आता व्याकरणाचं कारण. ते तिच्या मराठी व्याकरणाच्या धड्यात आधीच आहे. ‘पण, परंतु’ ही न्यूनत्वबोधक अव्ययं प्रधानत्वसूचक गटातली: दोन सारख्या मानाची वाक्यं जोडणारी. ‘जरी-तरी’ संकेतबोधक, गौणत्वसूचक गटातली: एक वाक्य दुसऱ्याच्या हाताखाली देणारी. ‘बट’ पहिल्या गटात बसतो, ‘ऑल्दो’ दुसऱ्या. एका वाक्यात दोन्ही घातले की ‘ऑल्दो’ म्हणतो पावसाचं वाक्य गौण आहे, आणि ‘बट’ म्हणतो दोन्ही बरोबरीची आहेत. दोघांपैकी एकाला घरी पाठवावंच लागतं.

म्हणून दोनच वाक्यं बरोबर:
‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू स्कूल.’
‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल.’

घरी सराव असा घ्या. आधी दोन सुटी वाक्यं लिहायला सांगा, मध्ये पूर्णविराम देऊन. मग तिला विचारा, सांधा डोक्यावर बसवायचा की मध्ये? डोक्यावर म्हणाली तर ‘ऑल्दो’ लिहून मधल्या पूर्णविरामाचा फक्त स्वल्पविराम करायचा. मध्ये म्हणाली तर स्वल्पविराम आणि त्यामागं ‘बट’. सुरुवातीला रोज पाच वाक्यं पुरेत, पण प्रत्येक वाक्य दोन्ही तऱ्हांनी लिहून घ्यायचं. एकाच तऱ्हेनं लिहिलं तर सवय मोडत नाही.

दुसरी एक चूक याहून लबाड आहे, कारण तिच्यावर लाल रेघ पटकन पडत नाही. काही मुलं ‘ऑल्दो’ म्हणजेच ‘पण’ असं धरून लिहितात, ‘इट वॉज रेनिंग, ऑल्दो वी वेंट टू स्कूल.’ व्याकरणाला हे वाक्य चालतं, अर्थ मात्र उलटा होतो: आम्ही शाळेला गेलो तरी पाऊस पडत होता! ‘ऑल्दो’ अडचणीचा सोबती आहे. अडचण पावसाची, म्हणून तो पावसापाशीच राहायला हवा, मग पाऊस आधी येवो की नंतर: ‘वी वेंट टू स्कूल, ऑल्दो इट वॉज रेनिंग.’

प्रश्न: आमच्याकडं एक जुनं व्याकरणाचं पुस्तक आहे. त्यात ‘दो… यट’ अशी, जरी-तरीसारखी, जोडीच दिली आहे. क्लासचे सर म्हणतात, एकच शब्द पाहिजे. खरं कोण? आणि ‘स्टिल’ चालतो का? (दहावीतला विद्यार्थी, निपाणी)

दोघंही आपापल्या काळात खरे. जुन्या इंग्रजीत ‘दो’च्या जोडीला ‘यट’ सर्रास येई. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात अशी वाक्यं सापडतात, आणि आपल्याकडची जुनी व्याकरणं त्याच वळणाची आहेत. आजच्या लिखाणात ती जोडी पुस्तकी वाटते. तिला चूक म्हणता येणार नाही. पण परीक्षेत तपासणाऱ्याशी वाद घालायला तू तिथं नसतोस, तेव्हा ‘यट’ गाळलेला बरा. ‘बट’ मात्र त्या जोडीत बसत नाही.

‘स्टिल’ चालतो, कारण तो सांधा नाही, क्रियाविशेषण आहे. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही स्टिल फिनिश्ड द वर्क.’ त्याची जागा बघ: कर्ता आधी, ‘स्टिल’ नंतर. मराठी कानाला ‘तरी’ची उणीव फारच जाणवत असेल तर ती भरून काढायला हा शब्द चांगला.

‘दो’ आणि ‘ऑल्दो’ यांचा अर्थ एकच. बोलताना ‘दो’ जास्त येतो. काही जागा मात्र एकट्या ‘दो’च्याच आहेत. बोलण्याच्या ओघात वाक्याच्या शेवटी: ‘द बस वॉज लेट. वी गॉट सीट्स, दो.’ तिथं ‘ऑल्दो’ येत नाही. ‘जणू’ या अर्थी ‘ॲज दो’, ‘ॲज ऑल्दो’ नव्हे. आणि जोर द्यायला ‘ईव्हन दो’, ‘ईव्हन ऑल्दो’ नव्हे.

प्रश्न: वाक्यरूपांतरात मुलं ‘डिस्पाइट ऑफ’ लिहितात, नाहीतर ‘डिस्पाइट’च्या मागं अख्खं वाक्य लावतात. हे एकदाच नीट कसं शिकवावं? (शिक्षिका, चिकोडी तालुका)

तुमच्या मुलांना केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य मराठीतून येतं. तिथूनच सुरुवात केली तर निम्मं काम झालेलं असतं. फळ्यावर एकच प्रसंग तीन तऱ्हांनी मांडा.

‘ती आजारी होती, पण शाळेला आली.’ संयुक्त. ‘शी वॉज इल, बट शी केम टू स्कूल.’
‘ती आजारी होती तरी शाळेला आली.’ मिश्र. ‘ऑल्दो शी वॉज इल, शी केम टू स्कूल.’
‘आजारी असूनही ती शाळेला आली.’ केवल. ‘डिस्पाइट बीइंग इल, शी केम टू स्कूल.’

मुलांना खूण द्यायची ती ‘असूनही’ची. मराठीत ‘असूनही’ जिथं शोभतो तिथं इंग्रजीत ‘डिस्पाइट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ’. ‘असूनही’च्या पोटात ‘होती’सारखं पूर्ण क्रियापद राहत नाही, तसंच ‘डिस्पाइट’च्या मागं ‘शी वॉज’ राहत नाही. तिथं नाम तरी हवं किंवा क्रियापदाचं ‘इंग’वालं रूप तरी. ‘डिस्पाइट शी वॉज इल’ हे ‘आजारी होती असूनही’ म्हणण्यासारखं आहे. हे एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा. वर्ग हसेल आणि विसरणार नाही.

‘ऑफ’चं असं: ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये तीन शब्द, तिन्ही सुटे लिहायचे. ‘डिस्पाइट’ एकटा. मुलांच्या डोक्यात दोघांची सरमिसळ होते, म्हणून एका आठवड्यात एकच शिकवा. दोन्ही एकाच तासाला फळ्यावर आणले की ‘डिस्पाइट ऑफ’ हमखास जन्माला येतो.

विशेषणाचं नाम करताना मुलं अडतात. इलचं इलनेस, वीकचं वीकनेस सरळ आहे. पुअरचं पॉव्हर्टी, हॉटचं हीट, स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ ही पाठच करावी लागतात. नाम आठवलं नाही तर ‘बीइंग’ लावून सुटता येतं, पण त्यात एक खड्डा आहे आणि तो मराठीनंच खणलेला आहे.

‘रस्ता खराब असूनही आम्ही वेळेवर पोचलो.’ मराठीत हे चालतं, कारण ‘रस्ता’ वाक्यात हजर आहे. मूल त्याचं करतं, ‘डिस्पाइट बीइंग बॅड, वी रीच्ड ऑन टाइम.’ इंग्रजीत ‘बीइंग’चा कर्ता पुढच्या वाक्याचा कर्ताच धरतात. म्हणजे खराब रस्ता राहिला बाजूला, खराब ठरलो आम्ही. तेव्हा नियम असा द्या: दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तरच ‘बीइंग’. कर्ते वेगळे असतील तर विशेषण उचलून नामाच्या आधी ठेवा: ‘डिस्पाइट द बॅड रोड, वी रीच्ड ऑन टाइम.’ खानापूरकडचा पाऊस असेल तर ‘डिस्पाइट द हेव्ही रेन’. दहापैकी सात-आठ वाक्यं याच युक्तीनं सुटतात.

हुशार मुलं ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’ शोधून काढतात, कारण त्याच्या मागं अख्खं वाक्य लावता येतं. इंग्रजी म्हणून ते बिनचूक आहे. पण प्रश्नात केवल वाक्य मागितलं असेल तर उत्तर चुकतं, कारण ‘दॅट’च्या मागं गौण वाक्य आलं की ते मिश्रच राहिलं.

जाता जाता एक विनंती. ‘ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट’ हे वाक्य फळ्यावरून कायमचं पुसावं. गरीब माणूस प्रामाणिक असणं हे आश्चर्य आहे, असं ते वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलं आहे. ‘ऑल्दो’ला खरा विरोध लागतो. ‘ऑल्दो ही लिव्ह्ज इन बेळगाव, ही हॅज नेव्हर टेस्टेड कुंदा’ घ्या. कुंदा ही बेळगावची खास मिठाई, तेव्हा यातलं नवल पोरांना चटकन कळेल.

प्रश्न: मी उद्यमबागेत एका कारखान्याच्या कार्यालयात आहे. ग्राहकांना इंग्रजीत मेल जातात. मी लिहिलं होतं, ‘द कास्टिंग्ज आर रेडी, हाउएव्हर द ट्रक हॅज नॉट कम.’ साहेब म्हणाले वाक्य चुकलं. ‘बट’च्या जागी ‘हाउएव्हर’ घातला एवढंच. (बेळगाव)

एवढंच केलं म्हणून चुकलं. ‘बट’ दोन वाक्यं जोडतो, ‘हाउएव्हर’ जोडत नाही. तो फक्त सांगतो की आता सूर बदलतोय. म्हणून त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही. पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम, आणि त्याच्या नंतर स्वल्पविराम: ‘द कास्टिंग्ज आर रेडी. हाउएव्हर, द ट्रक हॅज नॉट कम.’

मराठीत याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘मात्र’. ‘ट्रक मात्र आला नाही.’ ‘मात्र’ जसा कर्त्यामागं जाऊन बसतो तसा ‘हाउएव्हर’ही बसतो: ‘द ट्रक, हाउएव्हर, हॅज नॉट कम.’ तिथं दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, एक विसरलात तर दुसरा लंगडा पडतो. ‘बट हाउएव्हर’ असं दोन्ही एकत्र लिहू नका. आणि खरं सांगायचं तर ट्रक आला नाही हे कळवायला साधा ‘बट’ उत्तम आहे. मोठ्या शब्दानं ट्रक लवकर येत नाही.

प्रश्न: ‘ईव्हन दो’ आणि ‘ईव्हन इफ’ दोन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘जरी’ असाच मिळतो. मग फरक काय? (वाचक, हुक्केरी)

गोंधळ शब्दकोशाचा नाही, ‘तरी’चा आहे. मराठीत पहिला अर्धा दोन्हीकडं एकच दिसतो:

‘धरण भरलं तरी पाणी एक दिवसाआड येतं.’
‘धरण भरलं तरी पाणी एक दिवसाआड येईल.’

पहिल्या वाक्यात धरण खरोखर भरलंय. दुसऱ्यात अजून भरायचंय, कदाचित भरणारही नाही. ‘भरलं’ हे रूप मात्र दोन्हीकडं तेच, अर्थ उलगडतो शेवटच्या क्रियापदावर. कन्नडचा ‘बंदरू’ही असाच दोन्हीकडं चालतो, त्यामुळं तिथूनही मदत नाही. इंग्रजी मात्र हा निवाडा वाक्याच्या सुरुवातीलाच मागते. घडलेली गोष्ट असेल तर ‘ईव्हन दो’: ‘ईव्हन दो द डॅम इज फुल, वॉटर कम्स ऑन ऑल्टरनेट डेज.’ घडेल न घडेल अशी असेल तर ‘ईव्हन इफ’: ‘ईव्हन इफ द डॅम फिल्स, वॉटर विल कम ऑन ऑल्टरनेट डेज.’

म्हणून भाषांतर करताना आधी मराठी वाक्याचं शेवटचं क्रियापद बघायचं. ‘येईल, जाईन, करू’ असं भविष्य दिसलं की बहुतेक वेळा ‘ईव्हन इफ’. आणि ‘ईव्हन इफ’च्या अर्ध्यात ‘विल’ घालायचा नाही. ‘ईव्हन इफ इट विल रेन’ नव्हे, ‘ईव्हन इफ इट रेन्स’. ‘विल’ जातो दुसऱ्या अर्ध्यात.

प्रश्न: ‘बट’नं वाक्य सुरू करू नये असं आम्हाला शिकवलं होतं. नातवाच्या पुस्तकात तशी वाक्यं दिसतात. (निवृत्त कर्मचारी, शहापूर, बेळगाव)

करता येतं. तशी बंदी इंग्रजी व्याकरणात नाही. वर ज्या 1611 च्या बायबलाचा उल्लेख आला त्यातही कितीतरी वाक्यं ‘बट’नंच सुरू होतात. लहान मुलं प्रत्येक वाक्य ‘अँड’ आणि ‘बट’नं सुरू करतात, ते थांबवायला शिक्षकांनी घातलेला बांध पुढं नियम म्हणून पक्का झाला असावा. अर्जात, कचेरीच्या पत्रात तो बेतानं वापरावा. आणि ‘बट’च्या लगेच नंतर स्वल्पविराम देऊ नये. आपण बोलताना ‘पण’ म्हणून क्षणभर थांबतो, तो थांबा कागदावर उतरवायचा नसतो.

प्रश्न: ‘ऑल्दो’चं स्पेलिंग दर वेळी चुकतं. ‘थॉट’, ‘थ्रू’ सगळं सारखंच दिसतं. (अथणी)

‘ऑल्दो’: ए, एल, टी, एच, ओ, यू, जी, एच. आठ अक्षरं, एल एकच. ‘ऑल’ सुटा लिहिताना दोन एल, पुढं शब्द जोडला की एक: ऑलवेज, ऑलमोस्ट, ऑलरेडी, ऑल्दो. पहिली दोन अक्षरं काढली की ‘दो’ उरतो. त्याच्या शेवटी टी लावला की ‘थॉट’, आणि पहिल्या एचच्या लगेच नंतर आर घुसला की ‘थ्रू’. ‘दो’मधले शेवटचे जी आणि एच मुके आहेत, आणि उच्चार ‘ऑल्थो’ नव्हे. मोबाइलवर नुसतं टी-एच-ओ लिहितात, ते उत्तरपत्रिकेत नको.

प्रश्न: नोकरीच्या अर्जात मी लिहितो, ‘आय कॅन स्पीक इंग्लिश अँड कन्नड, बट आय स्टडीड इन मराठी मीडियम.’ वाक्य बरोबर आहे ना? (पदवीधर, बेळगाव तालुका)

व्याकरण बरोबर, क्रम घातक. ‘बट’ असलेल्या वाक्यात वजन ‘बट’च्या नंतरच्या भागावर पडतं. वाचणाऱ्याच्या मनात शेवटचं राहतं. तुम्ही दोन भाषा येतात असं सांगून लगेच त्यावर माफी मागितल्यासारखं झालं. तिसरी भाषा तर तुमचीच आहे, तीही या वाक्यात उणीव होऊन बसली.

उलटून बघा: ‘आय स्टडीड इन मराठी मीडियम, बट आय कॅन स्पीक इंग्लिश अँड कन्नड.’ तीच माहिती, पण उमेदवार वेगळा. ‘ऑल्दो’नं हे आणखी नीट होतं, कारण तो ज्या वाक्याला लागतो त्याला गौण करतो. जे मागं ठेवायचं ते त्याच्या हवाली करायचं: ‘ऑल्दो आय स्टडीड इन मराठी मीडियम, आय कॅन स्पीक इंग्लिश अँड कन्नड.’

आणि मराठी माध्यम मागं ठेवण्यासारखं आहे असं तुम्हालाच वाटत नसेल, तर विरोधाचा शब्द हवाच कशाला? सीमाभागातल्या कचेरीत, दुकानात, बँकेत तिन्ही भाषा लागतात. तिथं सरळ लिहा: ‘आय स्टडीड इन मराठी मीडियम अँड स्पीक मराठी, कन्नड अँड इंग्लिश.’

मुलाखतीत ‘ऑल्दो’चं वाक्य बोलायचंच झालं तर ‘ऑल्दो’ म्हणून थांबू नका. थांबा ‘मीडियम’नंतर. स्वल्पविरामही तिथंच आहे.